मागच्या फळीतला आवाज

बस डेपोच्या फुटबॉल संघात त्याला सगळे खुंटा म्हणायचे. हे नाव पडलं तेव्हा तो विशीत होता. ज्यांनी ठेवलं, त्यांतले काही निवृत्त झाले, काही देवाघरी गेले. नाव तेवढं मागे राहिलं. गोलच्या पुढ्यात एकदा तो उभा राहिला की समोरचा फॉरवर्ड कितीही नाचू दे, हा जागचा हलायचा नाही. धक्का मारा, कोपर मारा, आईबहिणीवरून बोला, काही उपयोग नाही. शेवटी समोरचाच वैतागून दुसरीकडून वाट शोधायचा. तोंडावर मात्र नवी पोरं त्याला दादा म्हणत, आणि तेही जरा जपूनच.

डेपोत तो ब्रेकचं काम करायचा. वर्कशॉपच्या जमिनीत एक लांबट खड्डा होता. त्यावर बस आणून उभी करायची आणि आपण खाली उतरून काम करायचं. दिवसाचा बराचसा वेळ त्याचा त्या खड्ड्यातच जाई. डोक्यावर बसचं पोट, हातात पाना, भुवयांत काळी भुकटी. वरून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. इतक्या वर्षांत बुटांवरून माणूस ओळखायची त्याला सवयच लागली होती.

मैदानावर त्याचा खरा जोर पायांत नव्हता, गळ्यात होता. सामन्याची शिट्टी झाली की त्याची टकळी सुरू. "डावीकडे सरक! मागे माणूस आहे! चेंडू काय बघतोस, माणूस बघ! वेळ आहे, वेळ आहे... आता मार!" त्याला खरंच सगळं आधी दिसायचं. चेंडू मधल्या रेषेवर असताना तो आपल्या गोलपाशी कुठून येणार, हे त्याला कळायचं, आणि बाकीच्यांना ते का कळत नाही हे मात्र त्याला कधीच कळलं नाही. कुणी चुकलं तर तो शिवी द्यायचा नाही. बोट दाखवायचा. चुकलेल्या माणसाकडे नाही, तर त्या माणसानं जिथे उभं असायला हवं होतं त्या रिकाम्या जागेकडे. ते बोट तो लगेच खालीही घ्यायचा नाही. साऱ्या मैदानाला नीट दिसेपर्यंत ते तसंच राहायचं.

घरी तो एकटा होता. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एका खोलीत पलंग आणि दुसरीत टीव्ही. लग्न झालं होतं, टिकलं नाही. भांडणं नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूसही नव्हतं. एके दिवशी तो सरावाहून परत आला तर तिचे कपडे कपाटात नव्हते आणि भांडी घासून पालथी घातलेली होती. का गेली हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पुढे तिनं दुसरं लग्न केलं. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती नोकरी करते, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि म्हणून त्या गल्लीतून तो सहसा जात नसे.

संध्याकाळी तो बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायचा आणि टीव्हीवर कुठला तरी सामना लावायचा. समालोचन त्याला आवडत नसे, म्हणून आवाज बंद. मग त्या मुक्या सामन्यात तो स्वतःच बोलायचा. "सरक, सरक रे... अरे मागे बघ." शेजारच्या बाई सुरुवातीला समजल्या की याच्याकडे पाहुणे आलेत.

संघाला नवे प्रशिक्षक मिळाले ते एका शाळेतले खेळाचे शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. वयानं ते खुंट्याहून लहान. तरुणपणी विरुद्ध संघातून त्याच्याशी खेळलेही होते आणि नडगीवर त्याची आठवण बाळगून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पॅन्ट वर करून तो व्रण दाखवला, सगळे हसले, खुंटाही हसला. पण सर जितकं बोलायचे त्याच्या दुप्पट बघायचे. मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे राहायचे आणि बघायचे.

त्या हंगामात डेपोचा संघ दुसऱ्या गटात होता आणि दरवर्षीसारखाच मधोमध होता. गोल खायचा नाही, करायचाही नाही. आजूबाजूचे संघ वर जात, खाली जात. डेपो आपला तिथेच.

मग एका सामन्यात खुंटा चेंडूमागे वळला आणि कुणीतरी मागून काठी हाणावी तसं पोटरीत काहीतरी फटकन तुटलं. त्यानं वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली आणि विचारलं, "वय काय?" त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, जशी जुन्या गाडीच्या मालकाकडे बघून मेकॅनिक हलवतात. दीड-दोन महिने पळायचं नाही.

त्याच्या जागी सरांनी लंबूला घेतलं. लंबू डेपोत टायरच्या विभागात नवीन लागलेला पोरगा. अंगापिंडानं उंच, मानेनं लाजाळू. आतापर्यंत तो खुंट्याच्या शेजारी खेळायचा, म्हणजे खुंटा सांगेल तिथे उभा राहायचा. आता मागच्या फळीतली मधली जागा त्याची झाली.

पहिला सामना डेपो सपाटून हरला. खुंटा कुबडी घेऊन पत्र्याच्या कुंपणापाशी उभा होता. त्याला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. घरी गेल्यावर बरं वाटल्याची लाज वाटली. पण दुसऱ्या सामन्यात संघानं बरोबरी साधली आणि तिसऱ्यात जिंकला. मग जिंकतच सुटला. मागची फळी फाटकीच होती, गोल खात होती, पण पुढे दुप्पट करत होती. लंबू चेंडू घेऊन चक्क मधल्या रेषेच्या पुढे जायचा, आणि कुंपणाबाहेर खुंट्याचा जीव वरखाली व्हायचा. तोंडातून "परत फीर" निघायचं, पण तिथून ते कुणाला ऐकू जात नव्हतं. कडेनं खेळणारा विंगर गोल करून पळत सुटला की सगळे त्याच्या अंगावर उड्या मारायचे. हे असं आपण असताना होत होतं का, हे तो आठवून पाहायचा. त्याच्या आठवणीत सामने होते, निकाल होते, कोण कुठे चुकला तेही होतं. उड्या काही आठवेनात.

डेपोतल्या साहेबांनी त्याला हलकं काम देऊ केलं होतं, पण टेबलापाशी बसून तो काय करणार? तो आपला खड्ड्यातच बरा होता. फक्त शिडी चढताना पोटरी ओढायची, म्हणून दुपारचा डबाही तो खालीच उकिडवा बसून खाऊ लागला.

अशाच एका दुपारी वर बुटांच्या तीन जोड्या आल्या. मळकट पांढरे, ते गोलकीपरचे. तो डिझेल पंपावर कामाला होता. नीट बांधलेले काळे, ते विंगरचे. विंगर कंडक्टर होता आणि खुंट्यानंतर संघातला सर्वांत जुना. तिसरे लांबलचक, ते लंबूचे, विचारायलाच नको. तिघे बसच्या बाजूला रचलेल्या टायरांवर बसले. खुंटा हाक मारणार होता, पण तोंडात घास होता.

"काल याला बघितलंस का?" गोलकीपर म्हणाला. "चेंडू घेतला आणि मागे कुणाकडे न बघता सरळ पुढे पास!"

"बघणार कुणाकडे? खुंटा कुठे होता?" विंगर म्हणाला.

तिघे हसले. मग मळकट पांढरे बूट उभे राहिले आणि गोलकीपरनं घोगरा आवाज काढला. "ए! चेंडू काय बघतोस! माणूस बघ, माणूस! तुझी जागा ही. ही!" आणि बहुधा बोटही दाखवलं असावं, कारण वर हशा पिकला.

नक्कल झकास होती. श्वास कुठे घेतो तेसुद्धा त्यानं बरोबर पकडलं होतं. खाली खुंट्यालाही क्षणभर हसू आलं. आणि मग ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण त्याचं काय करायचं ते त्याला सुचेना.

"हसू नका रे," विंगर म्हणाला. "तो नसता तर आपण कधीच खालच्या गटात गेलो असतो."

"मी कुठे नाही म्हणतो?" हा लंबू. "शिकवलं त्यांनीच मला. पण दादा मैदानात असले ना, की चेंडू पायात आला की मला आधी त्यांचं तोंड दिसतं आणि मग मैदान. आता चुका होतात, पण निदान माझ्या मी करतो."

"म्हणजे तुला ते परत नकोत?" विंगरनं विचारलं.

"असं कधी म्हणालो मी?" लांबलचक बूट जमिनीवर घासला गेला. "तुला हवेत का? खरं सांग."

विंगरच्या काळ्या बुटाची टाच टायरावर आपटत राहिली. बाकीचे बूटही नुसते हलत होते.

तेवढ्यात पलीकडून ड्रायव्हर आला आणि बसमध्ये चढता चढता ओरडला, "गाडी काढतोय! खाली कुणी आहे का?"

गप्प बसण्याची सोय नव्हती. खुंट्यानं डब्याचं झाकण लावलं.

"आहे," तो म्हणाला.

बुटांच्या तिन्ही जोड्या थोडा वेळ तिथेच खिळून राहिल्या. मग काळे गेले, मग पांढरे. लांबलचक बूट खड्ड्याच्या कडेपर्यंत आले, तिथे घुटमळले आणि तेही वळून गेले.

पोटरी बरी झाली. सरांनी त्याला सरावाला बोलावलं आणि पुढच्या सामन्यात मधल्या जागी उतरवलं. लंबूला पुन्हा शेजारी सरकवलं. खुंट्यानं आपल्याशी ठरवलं होतं की आज तोंड उघडायचं नाही. रुसलोय म्हणून नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. पोरांना मोकळं खेळू द्यायचं म्हणून.

तो गप्प राहिला, आणि डेपोचा संघ बावचळला. त्याचा आवाज येणार म्हणून सगळे वाट बघत राहिले. लंबूनं चेंडू अडवायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं, गोलकीपरनं पुढे यावं की नाही म्हणून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्याबघण्यात समोरच्यांनी गोलावर गोल केले. बोलणारा खुंटा त्यांना सवयीचा होता. नसलेल्या खुंट्याचीही सवय झाली होती. हा असून न बोलणारा काय करायचा, ते कुणाला कळेना.

सामना संपल्यावर बाकीचे कपडे बदलून गेले. सर त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसले.

"रुसलात का?"

"नाही."

"मग गप्प का होतात?"

"मी बोललो की पोरांना जड जातं, असं कळलं."

"कुणाकडून कळलं?"

खुंटा बुटाची नाडी सोडवत होता आणि गाठ सुटत नव्हती.

"स्पष्ट बोलू?" सर म्हणाले. "मी आल्यापासून हेच बघतोय. तुम्ही असलात की आपण हरत नाही. तुम्ही नसलात की आपण जिंकतो, किंवा मार खातो. तुमच्यामुळे संघ उभा आहे आणि तुमच्यामुळेच तो पुढे सरकत नाही. दोन्ही खरं आहे. त्यातलं अर्धं घेऊन अर्धं टाकता येत असतं, तर केव्हाच केलं असतं."

"मग मी काय करू?"

सरांनी बराच विचार केला. "ते मलाही माहीत नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. पुढच्या सामन्यापासून त्यांनी त्याला बाकावर बसवलं. लंबू मधल्या जागी परत गेला. डेपो परत जिंकू लागला.

बाकावर बसणं त्याला येत नव्हतं. राखीव पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, गाणी म्हणत. तो टोकाला बसे. पाण्याची बाटली कुणी त्याच्यासमोर आदरानं धरायचा, म्हाताऱ्या सासऱ्यांना धरतात तशी. खड्ड्यातल्या त्या दुपारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गोलकीपर त्याला बघून वाट बदलायचा. खुंट्याला खरं तर त्याला सांगायचं होतं की नक्कल छान होती, पण हे कसं सांगतात हे त्याला माहीत नव्हतं.

त्या दिवसांत त्याला जवळचं दिसेनासं झालं. ब्रेकच्या पट्टीवरचे आकडे तो हात लांब करकरून वाचू लागला. मैदानाच्या पार टोकाचा माणूस लख्ख दिसायचा, हातातलं नाही. सोबत काम करणारे म्हणाले, "चाळिशी लागली तुला. चष्मा घे." चष्म्याची दुकानं शहरात पुष्कळ होती. तरी त्याचे पाय त्याच गल्लीत वळले. का वळले, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

ती काउंटरमागे उभी होती. केसांत पांढरं दिसत होतं, पण तिच्याकडे बघताच त्याला पालथी घातलेली भांडी आठवली.

"बस," ती म्हणाली, जणू काल भेटले होते. "जवळचं की लांबचं?"

"जवळचं."

तिनं नंबर तपासवून घेतला आणि चौकटी काढल्या. एक त्याच्या नाकावर बसवली, मागे झाली, मान कलती केली, काढली. दुसरी बसवली. तिची बोटं त्याच्या कानामागे लागली, तेव्हा तो आरशात न बघता दुकानाच्या घड्याळाकडे बघत राहिला.

"अजून खेळतोस?"

"बाकावर बसतो." मग त्यानं, कुणाला सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळं तिला सांगितलं. खड्डा, बूट, नक्कल, सरांचं बोलणं. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "एक विचारू? माझी भीती वाटायची का तुला?"

ती चौकट पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"भीती नाही रे. थकायला व्हायचं. कुठलं भांडं कुठे, पडदा किती सरकवायचा, रस्ता कुठून ओलांडायचा. आणि तू बरोबर असायचास. प्रत्येक वेळी. एकदा तरी चुकला असतास तर मला जरा बसायला जागा मिळाली असती."

"तू तेव्हा बोलली नाहीस."

"तू बोलत होतास ना."

हे तिनं हसून म्हटलं, टोचून नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तिनं ती चौकट त्याला लावली. "ही घे. ही बरी दिसते." दुसरी त्याला जास्त आवडली होती. त्यानं हीच घेतली. बाहेर पडताना तिनं "काळजी घे" म्हटलं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला "बसा" म्हटलं.

हंगामाचा शेवटचा सामना आला. डेपो जिंकला तर पहिल्या गटात जाणार होता, आणि असं याआधी कधी झालं नव्हतं. सगळ्या पाळ्यांची माणसं मैदानावर लोटली. नेमका आदल्या सामन्यात लंबूच्या शेजारचा बॅक दोन पिवळ्या कार्डांमुळे बाद झाला होता. सरांनी खुंट्याला बाजूला घेतलं.

"खेळणार? पण लंबूच्या शेजारी. मधली जागा त्याची. हाक त्याची."

"चालेल."

"नक्की?"

"चालेल म्हणालो ना, सर."

तो उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका बाजूला उभा होता आणि दुसऱ्याचा आवाज ऐकत होता. लंबूचा आवाज अजून कोवळा होता, मधेच फाटायचा. "दादा, सरका!" असं तो विनंती केल्यासारखं ओरडायचा. खुंटा सरकायचा. स्वतःही बोलायचा, पण जेवढ्यास तेवढं: "मागे एक," "वेळ आहे." आणि ते बरं चाललं होतं. इतकं बरं, की हाफटाइमला गोलकीपर त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं न मागता अर्धी बाटली पुढे केली.

दुसऱ्या भागात विंगरनं गोल केला. डेपोची माणसं कुंपणावर चढली. सामना संपत आला होता, तेव्हा समोरच्यांनी हताशपणे एक उंच चेंडू पुढे मारला. तो लंबूच्या आणि खुंट्याच्या मधे येत होता. खुंट्यानं तो पायातून सुटतानाच वाचला होता: वाऱ्यानं तो थोडा अलीकडे पडणार, म्हणजे आपल्या डोक्यावर. त्यानं पाय रोवले.

"माझा!" लंबू ओरडला. आवाज या वेळी फाटला नाही.

खुंट्याला आपलं "सोड!" म्हणायला वेळ होता. शब्द दातांपर्यंत आला होता. तो दोन पावलं बाजूला झाला.

चेंडू अलीकडेच पडला. लंबूनं उडी मारली ती चेंडूच्या मागे. मधल्या रिकाम्या जागेत समोरचा फॉरवर्ड आला, आणि गोलकीपर पुढे येईपर्यंत चेंडू जाळ्यात होता.

लंबू गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. गोलकीपर, विंगर, बाकावरची पोरं, सगळे खुंट्याकडे बघत होते. त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो गोलमध्ये गेला, जाळ्यात अडकलेला चेंडू सोडवला आणि लंबूच्या हातात आणून दिला.

"हाक वेळेवर दिलीस," तो म्हणाला. "पुढच्यालाही दे."

"दादा, चेंडू तुमचा होता."

"हो. होता."

त्यानंतर गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि डेपो दुसऱ्या गटातच राहिला.

पुढचे कित्येक दिवस डेपोत दुसरा विषय नव्हता. कँटीनमध्ये दोन तट पडले. एक म्हणायचा, खुंट्यानं चेंडू सोडला नसता तर आज आपण वर असतो. आयुष्यभर ओरडला आणि जेव्हा ओरडायचं तेव्हा गिळून बसला. दुसरा म्हणायचा, त्यानं सोडलं हेच बरोबर. हाक ज्याची चेंडू त्याचा. चहाचे पेले आपटले जात. खुंटा आला की दोन्ही तट हवापाण्यावर बोलू लागत. सरांनी त्याला एवढंच विचारलं, "तो चुकतोय हे माहीत होतं?" आणि तो म्हणाला, "वाटलं होतं. पण मलाही पुष्कळदा नुसतंच वाटलेलं असतं." हे तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

लंबू बरेच दिवस दिसला नाही. मग एका दुपारी ते लांबलचक बूट खड्ड्याच्या कडेला आले, आणि या वेळी लंबू खाली वाकून कडेवर बसला. पाय आत सोडून.

"दादा, त्या दिवशी बोट का नाही दाखवलंत?"

"का? दाखवायला हवं होतं?"

"दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी तुमच्यावर चिडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आता चिडायला कुणी नाही. झोपताना तोच चेंडू येतो."

खुंटा पाना हातात धरून वर बघत राहिला. इतकं सगळं गिळून त्यानं त्या पोराला एकटं पाडलं होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग आता दाखवू?" तो म्हणाला.

लंबू हसला, पण अर्धवट. थोडा वेळ बसला. वाऱ्यात चेंडू कसा वाचायचा ते त्यानं विचारलं, आणि खुंट्यानं त्याला जमेल तसं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की हे शब्दांत धड सांगताच येत नाही. मग पलीकडून कुणीतरी लंबूला टायर उचलायला हाक मारली आणि तो गेला.

पुढच्या हंगामात खुंट्यानं नाव दिलं नाही. सरांनी थांबवायचा प्रयत्न केला, फार जोरात नाही. त्या वर्षी डेपो वरच्या गटात गेला. लंबू कप्तान होता. जिंकल्यावर सगळे संघाच्या खोलीत जमले. खुंट्यालाही बोलावणं होतं, तो गेला. त्याला खुर्ची दिली, विंगरनं त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गोलकीपरनं सगळ्यांच्या नकला केल्या, सरांचीसुद्धा. त्याची तेवढी केली नाही. तो थोडा वेळ थांबला आणि पाळी आहे असं सांगून निघाला. पाळी नव्हती.

आता रविवारी सकाळी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. तिथे पोक्त लोकांचा एक संघ आहे. निवृत्त पोस्टमन, एक दातांचा डॉक्टर, दोन शिंपी, एक घर बांधणारा मिस्त्री. सगळे एकाच वेळी ओरडतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि चुकलेला माणूस सगळ्यांत मोठ्यानं हसतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठे खेळता?" मागे खेळणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते. तो म्हणाला, "कुठेही." त्यांनी त्याला पुढे पाठवलं.

एवढ्या वर्षांत त्यानं समोरचा गोल इतक्या जवळून पाहिला नव्हता. गोलपोस्टचा रंग उडालेला होता, जाळं एका कोपऱ्यात दोरीनं बांधलेलं होतं. सगळा खेळ त्याच्या पाठीमागे चालला होता. कोण कुठे चुकतंय, कोणाची जागा कुठली, हे त्याला दिसत नव्हतं. नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. समोरचा गोलकीपर, एक जाडगेला गृहस्थ, पोस्टला टेकून उभा होता.

"आज काही येत नाही वाटतं इकडे," तो खुंट्याला म्हणाला.

"येईल," खुंटा म्हणाला, आणि दोघं जण मैदानाच्या त्या टोकाकडे बघत उभे राहिले.